घसा दुखतो, एवढंच

विनिपेग, कॅनडा
११ एप्रिल १९८३

रोडाताई,

आईला पुरून इकडे परत आले त्याला अठरा दिवस झाले. फोन केला असता, पण रॅबिट पोर्टेजला फोन एकच, तोही दुकानात, आणि साखर घ्यायला आलेली प्रत्येक बाई साखरेबरोबर आपलं बोलणंही घरी नेते. म्हणून हे पत्र.

तू दफनाला नव्हतीस. मी तुमच्या दवाखान्यातल्या मुख्य नर्स मिसेस पेलोंना विचारलं. त्या म्हणाल्या, एका बाळंतिणीला शहरात पोचवायला तू त्याच सकाळच्या विमानानं गेलीस. गेली असशील. पण आमचा मेहुणा एलायजा म्हणत होता, त्या बाईला अजून पंधरा दिवस अवकाश होता.

आई इथं पाच आठवडे होती. शेवटी शेवटी हाताला नुसती हाडंच लागायची. तिला तपासणारा डॉक्टर अगदी पोरगेला, माझ्याकडे न बघता बोलायचा. तो म्हणाला, "सहा महिने आधी आणलं असतं, तर करण्यासारखं पुष्कळ होतं." सहा महिने आधी म्हणजे सप्टेंबर. सप्टेंबरात मी इथं हॉटेलातल्या चादरी बदलत होते. तू मात्र तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतीस.

ताई, आपल्यात मावसबहीण वेगळी आणि सख्खी वेगळी असं कुणी धरत नाही. म्हणून विचारते. आपल्या गावातली, शिकून आलेली तू पहिली नर्स. तुझा विषय निघाला की आई मान ताठ करून बसायची. एवढ्या महिन्यांत तुला तिच्यात काहीच दिसलं नाही? ती तुझ्याशी काही बोलली नाही?

वर्ना


रॅबिट पोर्टेज
२२ एप्रिल १९८३

प्रिय वर्ना,

तुझं पत्र मिळालं. मावशीच्या जाण्याचं दुःख मलाही आहे.

तू विचारलंस त्याबद्दल एवढंच कळवू शकते की दवाखान्यातल्या कागदांविषयी मला बाहेर बोलता येत नाही. तू मुलगी असल्यामुळे विभागीय कार्यालयात अर्ज केलास तर नोंदींची नक्कल मिळेल. सप्टेंबर महिन्यात एक भेट नोंदलेली आहे. ती तपासणी मी केलेली नव्हती.

दफनाच्या दिवशी मला ड्यूटीवर जावं लागलं, याचं वाईट वाटतं.

तब्येत सांभाळ.

रोडा


विनिपेग
९ मे १९८३

नर्सबाई,

मी बहिणीला पत्र लिहिलं होतं, उत्तर कचेरीतून आलं.

तुमच्या सांगण्याप्रमाणे अर्ज केला. नक्कल आली. एक कागद, त्यावर दोन ओळी. 'रुग्णाची तक्रार: घसा दुखणे. चघळायच्या गोळ्या दिल्या.' खाली मिसेस पेलोंची सही.

घसा! माझ्या आईला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता आणि ती तुमच्या दवाखान्यात जाऊन घसा दुखतो म्हणाली? माझी आई वेडी नव्हती. बर्फावरच्या खुणा बघून कोल्हा कधी गेला ते सांगायची ती. कुठं दुखतंय ते तिला कळत नव्हतं?

तुम्हाला यातलं काही ठाऊक असेल तर सांगा. नसेल तर पुन्हा ते 'कळवू शकते' वगैरे पाठवू नका. चुलीत घालण्याइतकाही कागद जाड नसतो तुमचा.

वर्ना


रॅबिट पोर्टेज
२८ मे १९८३

वर्ना,

नदी गोठलेली होती, ती फुटली. बर्फ गेलं, दोन आठवडे धावपट्टीवर चिखल होता, विमान आलं नाही. तुझं पत्र काल हातात पडलं. ते येईपर्यंत मी स्वतःशी म्हणत होते की वर्नानं विषय सोडून दिला. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं, हेही लिहून टाकते.

आता सगळं सांगते.

सप्टेंबरात, हंस दक्षिणेकडे निघाले त्या आठवड्यात, मावशी माझ्या घरी आली. शनिवार होता, दुपार. धुरावलेले मासे आणले होते, कापडात गुंडाळून. रबरी बूट दाराशी काढले, टेबलाशी बसली. मी चहा ठेवला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली,

"माझी एक आत्या होती. तू नाही बघितलीस तिला."

"हं."

"म्हातारी झाली होती. बाईचं सगळं कधीच बंद झालेलं. आणि एके वर्षी एकदम पुन्हा सुरू झालं बघ. म्हणायची, या वयात देवाला थट्टा सुचली." मावशी हसली आणि कपात बघत राहिली. "थांबेचना. तेव्हा नर्स वगैरे नव्हत्या गावात."

वर्ना, आपल्या गावात 'मला दुखतं' असं तोंडानं कोण म्हणतं? कुणा आत्याचं सांगतात, मेलेल्या शेजारणीचं सांगतात, आणि ऐकणारीनं ओळखायचं असतं. मिसेस पेलो इंग्लंडहून आल्या, त्यांना हे कळलं नसतं. मी इथं वाढले. मावशीचा कप खाली टेकायच्या आत मला कळलं होतं.

पण त्याच्या तीन आठवडे आधी विभागीय कार्यालयातून पत्र आलं होतं. गावातल्या कुणीतरी माझी तक्रार केली होती, की मी पेशंटच्या खासगी गोष्टी घरोघर सांगत फिरते. नाव कळवलं नव्हतं. मिसेस पेलोंनी मला समोर बसवलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "रोडा, तू इथली आहेस हे तुझं बळ आहे आणि धोकाही तोच. यापुढं स्वयंपाकघरात दवाखाना चालवायचा नाही. आणि नात्यातल्या केसेस मी बघेन." नियम वाईट नव्हता. कुठल्याही दवाखान्यात हेच सांगतील. पण मी पाच वर्षांत एक शब्द बाहेर काढला नव्हता, आणि गावातल्याच कुणीतरी माझ्यावर हा आळ घेतला होता. चर्चमध्ये बसले की एकेक चेहरा बघायचे. ही असेल का, तो असेल का.

तर मावशी बोलत होती, आणि मी उठले. भांडी धुवायला लागले, तिच्याकडे पाठ करून. आणि म्हणाले, "हे दवाखान्यात येऊन सांगावं लागेल."

इंग्रजीत म्हणाले. जन्मात मी मावशीशी इंग्रजीत बोलले नव्हते. आपल्या क्री भाषेत ते वाक्य तोंडातून निघालंच नसतं.

ती उठून दाराशी गेली. मग बूट घालता घालता म्हणाली, "बरं, नर्सबाई." रागानं नाही. शाळेतल्या मास्तरणीला म्हणावं तसं. तू या पत्रात मला तेच लिहिलंस. तुला कुठून ठाऊक असणार?

सोमवारी ती दवाखान्यात आली. मी सांगितलं म्हणून आली. दुभाषा कोण, तर एलायजा. तुझी बहीण गेली तरी तो मावशीचा जावईच ना, आणि सासूनं जावयाशी थेट बोलायचं नाही ही आपली जुनी रीत. तो खोलीत आला की ती भिंतीकडे तोंड करून बसायची. चहा हवा असला तरी तिसऱ्याच्या तोंडून सांगायची. तो मान खाली घालून उभा, ती बाकावर.

मिसेस पेलोंनी विचारलं, "काय होतंय?" त्यानं जमिनीकडे बघत ते क्रीमध्ये सांगितलं.

भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "घसा दुखतो."

"आणखी काही?"

"नाही. घसा दुखतो, एवढंच."

मी हे ऐकलं. मी आत औषधांच्या खोलीत लसीच्या बाटल्या मोजत होते. दार उघडं होतं. बाहेर येऊन "एलायजा, तू जरा बाहेर थांब" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. नऊ पावलांचं अंतर होतं. नंतर मोजलं मी.

नात्यातली केस, म्हणून मी बाहेर आले नाही. मी नियम पाळत होते असं सगळ्यांना सांगू शकते. तुला सांगते ते खरं: मी नियमाच्या आड उभी राहिले होते. माझ्यावर संशय घेता काय, मग घ्या आता, असा कडवट आनंद होता त्यात. गावावरचा राग मी मावशीवर काढला.

त्यानंतर हिवाळाभर ती चर्चमध्ये भेटायची. मी विचारायचे, "घसा कसा आहे?" ती म्हणायची, "बरा आहे."

आणि हो, त्या बाळंतिणीला पंधरा दिवस अवकाश होता. एलायजा बरोबर सांगत होता.

रोडा


रॅबिट पोर्टेज
१४ ऑगस्ट १९८३

वर्ना,

अडीच महिने झाले. तुझं उत्तर नाही, आणि येणार नाही हेही मी समजले. तुझ्या जागी मी असते तर मीही लिहिलं नसतं. तरी काही गोष्टी तुला कळायला हव्यात म्हणून लिहिते.

मावशीच्या कबरीभोवती एलायजानं कुंपण केलं. पांढरा रंग दिला. मातीचा एक कोपरा खचला होता, तोही भरला.

मी मिसेस पेलोंना सगळं सांगितलं. शनिवारचं आणि सोमवारचं. त्या म्हणाल्या, "मी विचारलं होतं, 'आणखी काही?' मी विचारलं होतं गं." दोनदा म्हणाल्या. मी राजीनामा टेबलावर ठेवला. त्यांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाल्या, दुसरी नर्स येईपर्यंत याला पाय फुटणार नाहीत.

एलायजानं दुभाषाचं काम सोडलं. त्या दिवशी कुंपण रंगवताना मला म्हणाला, "रोडा, मी तिथं होतो म्हणून सासूबाई बोलल्या नाहीत का?" त्याच्या हातात ब्रश होता, रंग खाली गळत होता. मी म्हटलं, नाही. तुला एवढं सगळं खरं लिहिणारी मी, त्याच्या तोंडावर खोटं बोलले. तू इकडे आलीस तर त्याला सांगू नकोस. किंवा सांग. आता कुणाला काय सांगावं हे मला ठरवता येत नाही.

गावातल्या बायका माझ्या दाराशी येत नाहीत. इंजेक्शन असलं तर दवाखान्यात येतात, बाही वर करतात, जातात.

रोडा


विनिपेग
२ सप्टेंबर १९८३

ताई,

मी उत्तर दिलं नाही, ते तुझ्यावर राग धरून नव्हे. हे पत्र मी सात वेळा लिहिलं. आज टपालात टाकणार आहे.

तुझी तक्रार मी केली होती.

गेल्या वर्षी जुलैत मी गावी आले होते तेव्हाचं तुला आठवतं. तिसरा महिना होता. सकाळी आईच्या घरी रक्त सुरू झालं, तिनं आणि तू मला धरून दवाखान्यात नेलं. सगळं संपेपर्यंत तू माझा हात सोडला नाहीस. म्हणालीस, "हे या खोलीत राहील." तिसऱ्या दिवशी हॅना बीअर्डी सशाचा रस्सा घेऊन आली आणि दारातच माझे गाल कुरवाळून म्हणाली, "पुढचं टिकेल गं." तिच्यामागून आणखी दोघी आल्या. ज्या माणसाचं ते मूल होतं त्यालासुद्धा मी सांगितलं नव्हतं, आणि रॅबिट पोर्टेजमधल्या बायका माझ्यासाठी रडत होत्या.

मिसेस पेलो तेव्हा रजेवर होत्या. ठाऊक फक्त दोघींना होतं, तुला आणि आईला. आईवर संशय घ्यायचं मनातही आलं नाही. ऑगस्टात इथून कार्यालयाला पत्र टाकलं. सही केली, पण नाव सांगू नका असं लिहिलं. एका बाळाबद्दल होतं ते, पण मी लिहिलं 'नर्स रोडा सगळ्यांच्या गोष्टी घरोघर सांगते.' जास्त वजन यावं म्हणून.

फेब्रुवारीत आई इथं खाटेवर होती. मी तिचे केस विंचरत होते. ती म्हणाली, "तुझ्या बाळाचं मीच सांगितलं. चर्चच्या शिवणाच्या मंडळातल्या बायकांना. मला एकटीला पेलवेना गं, म्हटलं प्रार्थना करा." मग म्हणाली, "रोडाला त्यावरून बोलणी बसली असं कानावर आलं. मासे घेऊन तिच्याकडे गेले होते. दोन गोष्टी सांगायच्या होत्या, एक माझी आणि एक ही. पण ती कामात होती."

ती कामात होती म्हणाली, ताई. तुझ्याबद्दल याहून जास्त काही बोलली नाही.

तक्रार कुणी केली ते तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. केस विंचरत राहिले. नंतर तीन आठवडे ती जिवंत होती, तेव्हाही सांगितलं नाही.

म्हणजे एप्रिलमध्ये तुला पहिलं पत्र लिहिलं, 'तुला काही दिसलं नाही?' असं विचारलं, तेव्हा मला हे सगळं माहीत होतं. तू निर्दोष होतीस हे माहीत होतं. मला फक्त कुणीतरी हवं होतं. तू कबूल करावंस असं वाटत होतं, आणि तू केलंस. तुझं ते मोठं पत्र वाचून मला बरं वाटलं. खरंच. दोन दिवस मी पोटभर जेवले. तिसऱ्या दिवशी चादरी बदलताना तुझं ते वाक्य आठवलं, चर्चमध्ये एकेक चेहरा बघायचीस ते. तिथं माझा चेहरा नव्हताच. तू मला शोधत होतीस आणि मी आठशे मैलांवर होते.

मी ते पत्र लिहिलं नसतं तर तू भांडी धुवायला उठली नसतीस. आई आज जिवंत असती का? तू नर्स आहेस. सांग.

वर्ना


रॅबिट पोर्टेज
२५ सप्टेंबर १९८३

वर्ना,

'मी तुला माफ केलं' असं लिहायला बसले होते. हात चालला नाही. तेव्हा ते राहू दे.

चार दिवस मी तुझ्यावर इतकी रागावले होते की मिसेस पेलोंनी मला ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावून बघितला. पाच वर्षं तोंड शिवून राहिले मी. हॅनाच्या नवऱ्याचं माहीत होतं, पाद्र्याच्या मुलीचं माहीत होतं, आणि तू 'सगळ्यांच्या' असं लिहिलंस. वजन यावं म्हणून! ते वजन मी वर्षभर वाहिलं. हे तुला कळावं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नर्स म्हणून सांगायचं तर, मला माहीत नाही. सप्टेंबरात आजार किती पुढे गेला होता हे कुणी तपासलंच नाही. वाचली असती असं कुणी सांगितलं तर खोटं आहे, वाचली नसती म्हणालं तर तेही खोटं. बहीण म्हणून सांगायचं तर, सोमवारी त्या नऊ पावलांत तुझं पत्र आडवं पडलेलं नव्हतं. वाट मोकळी होती. तू माझ्याशी वाईट वागलीस, मी मावशीशी. या दोन गोष्टी एकमेकींत कालवू नकोस. कालवल्या तर दोघींनाही आपापला वाटा हलका वाटेल, आणि तो तसा नाही.

एक गोष्ट मागते. कार्यालयाला खरं काय ते लिही. माझं नाव धुऊन निघावं म्हणून नव्हे. त्यांच्या फायलीत अजून असं आहे की गावातली नर्स ठेवली की गुपितं फुटतात. पुढं आपल्यातली एखादी मुलगी शिकून आली तर तिच्यासमोर हाच कागद ठेवतील.

आणि दुसरं. मिसेस पेलो आणि मी मिळून एक अर्ज केला होता, तो मंजूर झाला. दुभाषाच्या जागी आता बाईच घ्यायची, आणि पेशंटला विचारायचं की हिच्यासमोर बोलशील का, नाहीतर दुसरी बघू. नातलग असली तरी पेशंट म्हणेल तर चालेल. एवढं साधं होतं. हे वर्षापूर्वी मागायचं मला सुचलं नाही.

मी राजीनामा परत घेतला. माझ्याकडून तो सुटकेसाठी होता, आणि सुटका मागायचा मला हक्क नाही असं वाटलं.

ती जागा रिकामी आहे. दोन्ही भाषा नीट येणाऱ्या बायका गावात तीन, त्यातल्या दोघी शिवणाच्या मंडळातल्या, तिसरी मी. मिसेस पेलोंनी विचारलं, तुझ्या ओळखीची कुणी आहे का. मी तुझं नाव सांगितलं. तू काय केलंस तेही सांगितलं, कारण लपवाछपवी पुरे झाली. त्या म्हणाल्या, "मग गुपित फुटल्यावर काय होतं हे तिला आपल्या दोघींपेक्षा जास्त कळलेलं आहे."

येशील तर रोज माझं तोंड बघावं लागेल. मलाही तुझं. विचार करून कळव.

रोडा


विनिपेग
१७ ऑक्टोबर १९८३

ताई,

कार्यालयाला पत्र टाकलं. या वेळी नाव लपवू नका असं लिहिलं. त्यांनी उलट विचारलं की एक वर्ष का थांबलात. मी लिहिलं, लाज वाटत होती. त्यासाठी त्यांच्याकडे रकाना नसेल.

हॉटेलात सांगितलं, शनिवारपासून येणार नाही. बाई म्हणाली, तिकडं थंडीत काय करणार? मी म्हटलं, ऐकणार.

मला भीती वाटते. दहा वर्षं झाली गाव सोडून. बायका माझ्यासमोर काही बोलतील का ठाऊक नाही. एलायजाला मी स्वतः सांगणार आहे की त्याची चूक नव्हती, पण त्याला खोटं सांगणार नाही. कसं सांगायचं ते विमानात ठरवते. त्याआधी तू त्याच्याशी काही बोलू नकोस.

शुक्रवारच्या विमानानं येते. धावपट्टीवर येऊ नकोस. सगळं गाव तिथं उभं असतं, आणि तुला बघितल्यावर मी काय करीन मला सांगता येत नाही. मी सामान आईच्या घरी टाकीन आणि चालत तुझ्याकडे येईन. दार लोटून ठेव. मी आले की लगेच काही विचारू नकोस. मला थोडा वेळ नुसतं बसू दे.

वर्ना